विक्रोळीची सिस्टर आणि प्लेन्सचं जोडपं



संपादकांचा निरोप आला, "तुम्ही दोघं निवृत्तीनंतर सेवेची कामं करता. परदेशी जाऊन अशी सेवा करणाऱ्या जोडप्यांवर काहीतरी लिहा. मुलांनाही समजेल असं लिहा." निरोप वाचून आमच्या घरात चांगलंच वाजलं. कारण आमच्यातल्या एकाने लगेच नाव घेतलं ते जिमी आणि रोझॅलिन कार्टर यांचं, आणि दुसऱ्याने वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं, "त्या माणसावर आपल्या पत्रिकेत लिहायचं नाही."

आधी हे "आम्ही" म्हणजे कोण ते सांगतो. आम्ही दोघं नवराबायको. एक निवृत्त नर्स, एक निवृत्त फिटर. लग्न १९७० साली मुंबईत झालं, १९७४ साली अमेरिकेत आलो, आणि तेव्हापासून न्यू जर्सीत आहोत. लेख लिहिणारा हात नर्सचा आहे, पण प्रत्येक ओळ "ह्यां"ना वाचून दाखवली आहे आणि पुष्कळ ठिकाणी ह्यांनी खोडायला लावली आहे. म्हणून "आम्ही".

तर वाद मिटेना तेव्हा आम्ही ठरवलं, की सुरुवात कार्टर साहेबांपासून करायचीच नाही. त्यांच्या आईपासून करायची. तिच्याबद्दल ह्यांचं काही म्हणणं नव्हतं. असणार कसं? ती बाई विक्रोळीला राहिली होती!

हो, आपल्या विक्रोळीला. घाटकोपरच्या पुढचं स्टेशन.

मुलांनो, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ साली "पीस कोअर" नावाची संस्था सुरू केली. अमेरिकेतल्या माणसांनी दोन वर्षं गरीब देशात जाऊन राहायचं, तिथल्या लोकांसारखं राहायचं, आणि शेती, शिक्षण, आरोग्य असं जे काम येत असेल ते करायचं. पगार नाही, फक्त पोटापुरता भत्ता. १९६१ ते १९७६ या काळात असे चार हजारांहून जास्त स्वयंसेवक भारतात येऊन गेले. बहुतेक सगळे कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले, विशी-बाविशीचे. पण संस्थेने वयाची वरची मर्यादा ठेवलेली नव्हती, आणि टीव्हीवर जाहिरातीत तसं सांगतही असत. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स नावाच्या खेड्यात एका विधवा नर्सने ती जाहिरात पाहिली आणि अर्ज केला. नाव लिलियन कार्टर, वय ६८.

लिलियनबाईंचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा. नर्सिंगचं शिक्षण घेतलेली बाई. नवरा १९५३ साली वारला. त्यानंतर तिने कॉलेजच्या मुलांच्या वसतिगृहात घरमालकिणीसारखं काम केलं, वृद्धांचा आश्रम चालवला. शिकागोला ट्रेनिंग घेऊन १९६६ च्या अखेरीस ती मुंबईला आली आणि तिला विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत नेमणूक मिळाली.

त्या वेळी आमच्यातली नर्स मुंबईत प्रोबेशनर होती. कडक इस्त्रीची टोपी, मेट्रनची धास्ती आणि रात्रपाळीला पेंग. ह्यांची बहीण घाटकोपरला राहायची, तिच्याकडे सणावाराला जाणं-येणं होतं. म्हणजे पुढच्याच स्टेशनावर अमेरिकेहून आलेली एक अडुसष्ट वर्षांची सिस्टर ड्रेसिंग करत होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता. तो लागला पुढे दहा वर्षांनी, न्यू जर्सीत, तिचा मुलगा अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा. असो.

तिला पहिलं काम दिलं होतं कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं. ते काही तिला रुचलं नाही. नंतर वसाहतीच्या दवाखान्यात तिला हवं ते काम मिळालं, नर्सचं. तिथे तिने महारोगाचे पेशंटसुद्धा पाहिले. तरुण वाचकांना याचा अर्थ कळणार नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. त्या काळी महारोग झाला की माणूस घरातून उठलाच. औषध नव्हतं असं नाही, डॅप्सोनच्या गोळ्या होत्या, पण त्या वर्षानुवर्षं घ्यायच्या. आज जी दोन-तीन औषधं एकत्र देतात ती पद्धत १९८० नंतरची. आमच्या वॉर्डात असा पेशंट चुकून आला तर शिकलेल्या नर्ससुद्धा मागे सरायच्या. आम्हीही सरलो आहोत, खोटं कशाला सांगा! लिलियनबाईही आधी भ्यायली, आणि मग सावरून कामाला लागली. त्या प्रसंगावर तिच्या मुलाने पुढे एक कविता लिहिली आहे.

एकवीस महिने ती राहिली. १५ ऑगस्ट १९६८ ला, आपल्या स्वातंत्र्यदिनी, सत्तर वर्षांची झाली ती भारतातच. घरी परतली तेव्हा वजन पुष्कळ उतरलेलं होतं. तिने घरच्यांना लिहिलेली पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झालेला होता. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत आपले राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले, तेव्हा अंत्ययात्रेला अमेरिकेतर्फे कोणाला पाठवलं? ह्या विक्रोळीच्या सिस्टरला. आज अॅटलांटाच्या एमरी विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजात तिच्या नावाचं केंद्र आहे.

इथपर्यंत वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "छान आहे. इथेच थांब." पण संपादकांनी जोडप्यावर लिहायला सांगितलं होतं, एकट्या बाईवर नव्हे.

जोडप्याची गोष्टसुद्धा त्याच सिस्टरपासून सुरू होते. १८ ऑगस्ट १९२७ रोजी प्लेन्समध्ये शेजारच्या स्मिथ कुटुंबात मुलगी झाली. बाळंतपणाला लिलियनबाई होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या जेमतेम तीन वर्षांच्या जिमीला बाळ दाखवायला घेऊन गेल्या. ते बाळ म्हणजे रोझॅलिन. पुढे रोझॅलिनच्या वडिलांना रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा शुश्रूषेलाही लिलियनबाईच. ७ जुलै १९४६ रोजी जिमी-रोझॅलिनचं लग्न झालं आणि ते ७७ वर्षं टिकलं. आपल्याकडे सासू सुनेला पहिल्यांदा बघते ती दाखवायच्या कार्यक्रमात. इथे सासूने सुनेला जगात आणलं!

कार्टर साहेब १९८० ची निवडणूक हरले. जानेवारी १९८१ मध्ये, साहेबांच्या छप्पन्नाव्या वर्षी, दोघं प्लेन्सच्या आपल्या दोन बेडरूमच्या घरात परत आले. आता करायचं काय? निवृत्त माणसाचा हा प्रश्न आम्हाला चांगला ठाऊक आहे. ह्यांनी नोकरी सोडली त्या वर्षी घरातली प्रत्येक बिजागरी तीनतीनदा तेल पिऊन झाली होती.

प्लेन्सपासून दहा मैलांवर अमेरिकस नावाचं गाव आहे. तिथे मिलर्ड आणि लिंडा फुलर हे जोडपं राहत होतं. हे खरं परदेशी राहिलेलं स्वयंसेवक जोडपं! मिलर्ड वकील आणि व्यापारी, तिशीच्या आत लखपती काय, दशलक्षपती झालेला. पैसा आला आणि घर मोडायला निघालं. लिंडा सोडून गेली, न्यू यॉर्कला. तो मागोमाग गेला, दोघं बोलली, रडली, आणि ठरवलं की सगळा पैसा वाटून टाकायचा आणि नव्याने संसार मांडायचा. १९७३ साली चार मुलांना घेऊन ते आफ्रिकेत झाईर देशात (आता त्याला काँगो म्हणतात) एम्बान्डाका गावी गेले आणि तीन वर्षं गरिबांसाठी घरं बांधत राहिले. १९७६ साली परत येऊन त्यांनी अमेरिकसला "हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी" ही संस्था काढली.

या संस्थेची रीत सोपी आहे. घर फुकट द्यायचं नाही. ज्याला घर हवं त्याने स्वतः बांधकामावर ठरलेले तास राबायचं, दुसऱ्याच्याही घरावर राबायचं, आणि घराची किंमत बिनव्याजी हप्त्यांनी फेडायची. ते हप्ते पुढच्या माणसाच्या घराला लागतात. बाकीची मजुरी स्वयंसेवकांची. आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात, कोकणात गावची विहीर किंवा पाखाडी अशीच व्हायची. (पुढे २००५ साली संचालक मंडळाशी वाद होऊन फुलर यांना स्वतःच काढलेल्या संस्थेतून जावं लागलं. आपल्या मंडळांच्या निवडणुका ज्यांना आठवतात त्यांना नवल वाटणार नाही.)

१९८४ साली फुलरनी कार्टर जोडप्याला गळ घातली. सप्टेंबरात जिमी आणि रोझॅलिन इतर स्वयंसेवकांबरोबर बसने जॉर्जियाहून न्यू यॉर्कला आले. माजी अध्यक्ष, बसने! मॅनहॅटनमध्ये एक सहा मजली पडीक इमारत होती. दिवसा तिथे काम करायचं आणि रात्री एका चर्चमध्ये बाकीच्यांबरोबर माळ्याच्या खाटांवर झोपायचं. त्या इमारतीत १९ कुटुंबांची घरं झाली. तेव्हापासून दरवर्षी एक आठवडा दोघं हातोडा घेऊन कुठे ना कुठे जात राहिले, २०१९ पर्यंत. चौदा देश आणि चार हजारांहून जास्त घरं झाली. अर्थात ती एकट्या दोघांनी नव्हे, बरोबर हजारो माणसं असत. पण ती माणसं येत होती ती ह्या दोघांना बघून.

आणि २००६ साली ते आले आपल्या मावळात. लोणावळ्याजवळ, मळवलीच्या बाजूला पाटण गावी. ऑक्टोबरच्या शेवटी सुरुवात झाली आणि एका आठवड्यात शंभर घरं उभारायचा बेत होता. जगभरातून सुमारे २००० स्वयंसेवक जमले. साहेब ८२ वर्षांचे, बाई ७९ च्या. वर्तमानपत्रात फोटो आला तो आमच्या मुलीने इंटरनेटवरून छापून आणला. ह्यांनी फोटो निरखून पाहिला आणि फिटरच्या तोऱ्यात म्हणाले, "हातोडा बरोबर धरलाय. दांड्याच्या टोकाशी. शिकलेला माणूस आहे." फोटो फ्रिजच्या दारावर लागला.

दोन-तीन आठवडेच राहिला. कारण त्याच नोव्हेंबरात कार्टर साहेबांचं पॅलेस्टाईनवरचं पुस्तक आलं आणि त्याच्या नावातच इस्राएलच्या संदर्भात "अपार्थाइड" हा शब्द होता. ह्यांनी फोटो काढला, घडी घातली आणि खणात टाकला. एक शब्द बोलले नाहीत. ह्यांचा थोरला भाऊ १९६४ साली इस्राएलला गेला. त्याचा मुलगा १९७३ च्या युद्धात सिनाईत होता. त्या योम किप्पूरला आम्ही मुंबईत उपास धरून बसलो होतो आणि रेडिओ लावावा की लावू नये यावर घरात रडारड झाली होती. ज्या घराने ते दिवस काढले त्याला तो शब्द लागतो. आमच्याच नव्हे, सगळ्या समाजात राग होता. कार्टर यांच्या स्वतःच्या संस्थेच्या सल्लागार मंडळातले चौदा जण २००७ च्या जानेवारीत राजीनामे देऊन बाहेर पडले.

आमच्यातल्या नर्सचं म्हणणं वेगळं होतं आणि आजही आहे. याच माणसाने १९७८ साली बेगिन आणि सादात यांना तेरा दिवस एका जागी धरून ठेवलं, आणि २६ मार्च १९७९ ला शांततेचा करार झाला. त्या सिनाईत मग आमच्या पुतण्याच्या मुलांना लढायला जावं लागलं नाही. याच माणसाने १९७८ साली एली विझेल यांच्या अध्यक्षतेखाली होलोकॉस्ट आयोग नेमला, ज्यातून वॉशिंग्टनचं संग्रहालय उभं राहिलं. १९७९ च्या हनुक्काला व्हाइट हाउसबाहेर येऊन मेनोरा पेटवणारा पहिला अध्यक्ष हाच. पुस्तकाचं नाव चुकलंच, पण म्हणून लोणावळ्याच्या घरांच्या भिंती पडत नाहीत. "भिंती नाही पडत," हे म्हणाले, "पण फोटो माझ्या फ्रिजवर नको." फ्रिज दोघांचा आहे, हे सांगायचं आम्ही त्या वेळी टाळलं.

आता थोडं आमचं.

लोणावळ्याचा तो फोटो खणात गेला तरी त्याने डोक्यात घर केलं होतं. आपणही एकदा जाऊन राहावं. वयाची सत्तरी अजून गाठायची होती, हातपाय धड होते. २००८ च्या सप्टेंबरात आम्ही रेवदंड्याच्या बाजूला एका खेड्यात तीन महिन्यांसाठी गेलो. एका ओळखीच्या शिक्षकांनी शाळेजवळ खोली दिली. कामाचा बेत असा, की नर्सने शाळेतल्या पोरांची तपासणी करायची आणि बायकांना आरोग्याचं चार शब्द सांगायचं, आणि फिटरने शाळेचे पंप, नळ, बाकं, पंखे दुरुस्त करायचे. निघण्याआधी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या जागी मलिदा केला.

पहिला महिना फुकट गेला हे कबूल केलं पाहिजे. ज्या कुलाबा जिल्ह्यात आमचे वाडवडील तेल गाळत होते तिथे आम्ही "अमेरिकेचे पाहुणे" होतो. मराठी आमची, पण पस्तीस वर्षांपूर्वीची. आम्ही सल्ले देत होतो आणि लोक आदराने ऐकून घेत होते. ऐकून घेत होते एवढंच. आरोग्याच्या भाषणाला अकरा बायका यायच्या, त्यातल्या सहा झोपायच्या. एक दिवस शाळेच्या पोषण आहाराचं जेवण रांधणारी बाई दुपारी भांडी घासून झाल्यावर आली आणि हळूच म्हणाली, "बाई, ते हाताला पट्टा बांधतात ते तुमच्याकडे हाय का? डोकं लय दुखतं." ब्लडप्रेशर तपासलं तर घाबरण्यासारखं होतं. तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो, रांगेत दोन तास बसलो, गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तिची जाऊ आली, मग जावेची सासू. भाषणं बंद झाली आणि काम सुरू झालं. ह्यांचंही तसंच. ह्यांनी पंप खोलून सगळे भाग ओळीने मांडले आणि गावच्या दोन पोरांना शिकवायला गेले, तर ती पोरं ह्यांच्यापेक्षा सराईत निघाली. त्यांना हवा होता तो फक्त एक पान्हा, जो ह्यांच्या पेटीत होता. पेटी तिथेच ठेवून आलो.

२६ नोव्हेंबरची रात्र आम्ही त्या खोलीत काढली. टीव्ही शिक्षकांच्या घरी होता. समुद्रापलीकडे, बोटीने तासा-दीड तासावर, मुंबई जळत होती. ताज, ओबेरॉय, सीएसटी, आणि मग नरिमन हाउसचं नाव आलं. खबाद हाउस. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का २००३ पासून तिथे राहत होते. रब्बी लहानाचे मोठे झाले ब्रुकलिनमध्ये. मुंबईत येणाऱ्या कुठल्याही यहुदी वाटसरूला तिथे कोशेर जेवण आणि शब्बाथला जागा मिळायची. तो २९ वर्षांचा, ती २८ ची. परक्या देशात येऊन अनोळखी माणसांना जेवू घालणारं जोडपं. दोघंही मारले गेले. दोन वर्षांचाही न झालेला मोशे वाचला, तो सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल या बाईने त्याला उचलून बाहेर काढलं म्हणून.

पहाटे मुलीचा फोन. "आई, बाबा, मिळेल त्या विमानाने निघा." तिचं बरोबरच होतं. आमचं परतीचं तिकीट १८ डिसेंबरचं होतं. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी धड बोललो नाही. एकाला वाटत होतं निघावं, मुलीला एवढा घोर कशाला? दुसऱ्याला वाटत होतं थांबावं. कोणाला काय वाटत होतं ते सांगत नाही, कारण संध्याकाळपर्यंत दोघांची मतं उलटसुलट झाली होती. रात्री ती जेवण रांधणारी बाई, तिचा नवरा आणि आणखी तिघं-चौघं येऊन आमच्या पडवीत बसली. काही बोलली नाहीत. बिड्या ओढल्या, डास मारले, आणि अकरा वाजता "दार लावून घ्या" म्हणून गेली. दुसऱ्या रात्री परत आली. आम्ही १८ डिसेंबरलाच निघालो.

मुंबईत ह्यांनी टॅक्सी विक्रोळीवरून घ्यायला सांगितली. विमानतळाची वाट ती नव्हे, टॅक्सीवाला कुरकुरला. पण ते शेवटी सांगतो.

प्लेन्सला आम्ही गेलो ते २०१२ साली, मुलीबरोबर फ्लोरिडाहून येताना. सातशेच्या आत-बाहेर वस्तीचं गाव, भुईमुगाची शेतं, एक रस्ता. जुन्या रेल्वे स्टेशनात १९७६ च्या निवडणुकीची कचेरी होती, ती बघायला ठेवलेली आहे. शाळेच्या इमारतीतही संग्रहालय आहे. रविवारी साहेब चर्चमध्ये धडा शिकवत आणि त्याला दूरदूरची माणसं यायची. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं, आणि आम्ही पोचलो मंगळवारी. हे गाडीतून उतरणार नाहीत असं वाटलं होतं. उतरले, स्टेशन पाहिलं, भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि बाकावर बसून सोलत राहिले. मग म्हणाले, "त्याने माफी मागितली होती ना?" मागितली होती. डिसेंबर २००९ मध्ये कार्टर साहेबांनी यहुदी समाजाला उद्देशून पत्र लिहिलं, आणि आपण योम किप्पूरला म्हणतो त्या "अल हेत"चा शब्द वापरून क्षमा मागितली. पुष्कळांना ती पटली, पुष्कळांना नाही. ह्यांनी शेंगांची टरफलं कागदात बांधली आणि म्हणाले, "माफी पोचली. पटली की नाही ते सांगत नाही." आजपर्यंत सांगितलेलं नाही.

एक काम मात्र असं आहे की त्यावर ह्यांचाही वाद नाही, ते म्हणजे नारूचं. जुन्या वाचकांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं उतरायची, त्या पाण्यातल्या बारीक किड्यांतून नारूची अंडीपिल्लं पोटात जायची, आणि वर्षभराने पायाला फोड येऊन हातभर लांब दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. आमच्या ट्रेनिंगमध्ये असे पाय आम्ही पाहिले आहेत, देशावरून यायचे. यावर गोळी नाही, लस नाही. उपाय एकच, पाणी फडक्याने गाळून प्यायचं आणि नारूवाल्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. भारतातला शेवटचा पेशंट १९९६ चा, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तो आपल्याच आरोग्य सेवकांच्या मेहनतीने. जगात हे काम १९८६ पासून कार्टर सेंटरने पुढे नेलं. तेव्हा दरसाल ३५ लाख माणसांना नारू होत असे. २०२४ साली साऱ्या जगात १५ जणांना झाला.

मुलांनो, पंधरा म्हणजे तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांएवढे!

आणखी एक गोष्ट, खास नर्सच्या नजरेची. ऑक्टोबर २०१९ मध्ये ९५ वर्षांचे कार्टर साहेब घरात पडले. भुवईवर चौदा टाके, डोळा काळानिळा. आमच्या वॉर्डात असा पेशंट असता तर चोवीस तास खाटेवरून हलू दिला नसता. हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलला घरबांधणीच्या जागी हजर, रोझॅलिनबाई शेजारी. त्यांचं ते शेवटचं बांधकाम. हे तो फोटो बघून खूश झाले, आणि त्याच महिन्यात स्वतः शिडीवर चढून गटार साफ करायला गेले. टाके पडले नाहीत, मनगट मोडलं. थोरांची उदाहरणं घरात कोणाला दाखवावीत याचा आता आम्ही विचार करतो.

रोझॅलिनबाई १९ नोव्हेंबर २०२३ रोजी वारल्या, वय ९६. साहेब तेव्हा स्वतः घरी हॉस्पिसच्या देखभालीत होते, तरी खुर्चीवरून अंत्यविधीला आले. बाईंनी आयुष्यभर मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी आणि घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काम केलं. शुश्रूषा करणाऱ्याकडे कोणीतरी बघितलं, हे नर्सला विसरता येणार नाही. पुढच्या वर्षी २९ डिसेंबर २०२४ ला साहेब गेले, शंभर वर्षांचे होऊन. प्लेन्सला घराच्या आवारातच दोघांना शेजारी-शेजारी पुरलं आहे.

आता विक्रोळी.

१८ डिसेंबर २००८. टॅक्सीवाल्याला जादा पैसे कबूल करून आम्ही गोदरेजच्या बाजूला गेलो. सगळीकडे बंदोबस्त, महिना तसाच होता. एका फाटकाशी उतरून आम्ही वॉचमनला विचारलं, इथे चाळीस वर्षांपूर्वी कार्टर म्हणून एक अमेरिकन बाई राहायची, ठाऊक आहे का? त्याने दोन म्हाताऱ्या माणसांना आणि सामान बांधलेल्या टॅक्सीला वरून खालपर्यंत बघितलं.

"कोण कार्टर?"

हे म्हणाले, "नर्स होती."

"मग दवाखान्यात विचारा," तो म्हणाला आणि हात केला. "तिकडे. पण आता दुपारचा बंद असेल, चारनंतर या."

आमचं विमान रात्रीचं होतं. ह्यांनी घड्याळ बघितलं, टॅक्सीवाल्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "चार वाजेपर्यंत थांबू."

चार वाजता दवाखाना उघडला. औषध देणारी मुलगी तिशीची होती, तिला काही ठाऊक नव्हतं. पण बाकावर एक आजोबा बसले होते, खोकल्याच्या औषधाला आलेले. ते कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "ती गोरी म्हातारी का? चालत यायची. ऊन असलं तरी चालत यायची."

एवढंच त्यांना आठवत होतं. आम्ही त्यांच्या शेजारी बाकावर बसलो, आणि त्यांचा नंबर येईपर्यंत बसून राहिलो.